नसबंदी मी करून घ्यावी म्हणतो, पण घरात कुणालाच ते रुचत नाही

लोकमान्यनगरचा

राम राम मंडळी. मी इंदूरचा, वय ३७. पीथमपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. दोन मुलं आहेत, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा तीन. दोन्ही वेळा बायकोचं सिझेरियन झालं. दुसऱ्यानंतर तांबी बसवली होती, पण पाळीत इतकं जायला लागलं की हिमोग्लोबिन आठवर आलं आणि तांबी काढून टाकावी लागली. तिला अर्धशिशी आहे, म्हणून गोळ्या नकोत असं डॉक्टर बाईंनी सांगितलं. तेव्हापासून निरोधवर चाललंय, आणि दर महिन्याला पाळी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला असतो. दोन दिवस उशीर झाला की ती जेवत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा दाखवायला गेलो. बाई म्हणाल्या, आता कायमचं करून टाका. मग फाइल बाजूला ठेवून माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, "तुम्ही का नाही करून घेत? हिचं पोट दोनदा उघडलंय." मी हसून वेळ मारून नेली. परतताना ती गाडीवर मागे बसली होती. पलासियाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून एवढंच म्हणाली, "मला परत त्या टेबलावर झोपायचं नाही." सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना.

त्या रात्री ठरवलं की मीच करून घेणार. पण घरात सांगितल्यापासून वातावरण बिघडलंय. आई पहिल्या दिवशी रडली. म्हणाली, "कमावता माणूस आहेस, ताकद जाईल, उद्या मशीनवर उभं राहवणार नाही." नंतर बोलणंच सोडलं. वडील पेपर वाचत बसले, एक अक्षर बोलले नाहीत. मेहुण्याने फोन करून सांगितलं की आमच्यात असलं कुणी केलं नाही. कारखान्यातल्या एका जवळच्या मित्राला विश्वासाने सांगितलं, तर पोह्यांच्या ठेल्यावर चौघांसमोर तो म्हणाला, "भिया, ये काम औरतों का है. बैल बन जाएगा." सगळे हसले. मी पोहे तसेच टाकून निघून आलो.

तो बैल शब्द डोक्यातून जात नाही. मामाच्या गावाला लहानपणी मी गोऱ्हा खच्ची करताना बघितलाय. चार जणांनी पाय बांधून पाडला होता आणि लोखंडी चिमट्याने दाबलं होतं. त्याचा आवाज आणि डोळे अजून आठवतात. डॉक्टरांनी समजावलं की हे ते नव्हे, तरी रात्री तेच चित्र समोर येतं.

आणि नवल म्हणजे आता बायकोच म्हणते, राहू दे, मी करून घेते. का, ते सांगत नाही.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी मनापासून सांगा. दुखतं किती? किती दिवस सुट्टी लागते? मला रोज बाईकवर तीस किलोमीटर जावं लागतं. आणि नंतर संबंधात खरंच फरक पडतो का? हे विचारायला या शहरात एकही माणूस सापडला नाही, म्हणून इथे लिहितोय.

विजयनगर_इंदूर

भाऊ, हेतू चांगला आहे, पण घाई करू नका. तुमचा मुलगा तीनच वर्षांचा आहे. नसबंदी कायमची असते, नळी पुन्हा जोडता येते म्हणतात पण मूल होईलच याची खात्री कुणी देत नाही. दोघांनी बसून एकदा शेवटचं ठरवा. घरच्यांना दुखवून केलेली गोष्ट आयुष्यभर टोचते.

तालमीतला

भाऊ, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. सकाळी पाणी भरून झाल्यावर पहिलं काम हेच घेतलंय. मी सहा वर्षांपूर्वी करून घेतली, तेव्हा ४१ चा होतो. मीही इंदूरचाच. आजवर बायको आणि डॉक्टर सोडून कुणाला सांगितलेलं नाही. जे सांगणार आहे त्यातला अर्धा भाग नसबंदीचा आहे आणि अर्धा त्यानंतर मी केलेल्या चुकीचा. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, तो वाचल्याशिवाय उठू नकोस.

आधी भीतीचं बोलू. माझं लहानपण तालमीत गेलं. वडील पहाटे पाचला उठवून न्यायचे. आमचे वस्ताद माती टाकता टाकता सांगायचे, खाल्लेल्याचं रक्त होतं, रक्ताचं वीर्य होतं, एक थेंब गेला की आठ दिवसांची खुराक गेली. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे बसलं की निघत नाही. झोपेत काही झालं तर मी दिवसभर मान वर करत नसे, आता आपण संपलो असं वाटायचं. तुझ्या आईची "ताकद जाईल" ही भीती त्याच मातीतली आहे. ती बिचारी वेगळं काय सांगणार?

डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. बैलाच्या बाबतीत चिमट्याने सगळी दोरी दाबतात, रक्ताच्या नसांसकट, म्हणून गोळ्या वाळतात आणि मस्ती जाते. नसबंदीत फक्त दोन बारीक नळ्या कापून बांधतात, ज्यांतून शुक्रजंतू वर जातात. पुरुषाचा संप्रेरक त्या नळीतून जातच नाही, तो थेट रक्तात मिसळतो. म्हणून आवाज, दाढी, इच्छा, जोर, सगळं होतं तसंच राहतं. वीर्यसुद्धा येतं. त्यातला बहुतेक भाग प्रोस्टेट आणि शेजारच्या पिशव्यांतून येतो, शुक्रजंतू त्यात शेकड्याला दोन ते पाच भाग एवढेच. तयार होणारे जंतू शरीर आतल्या आत जिरवतं. साठून सडतात वगैरे काही नाही, मला तीही भीती होती.

आता प्रत्यक्ष. आदल्या दिवशी तिथले केस काढून यायला सांगितलं होतं. रक्त, लघवी तपासली. बाहेरच्या बाकावर बायका पंधरा-वीस होत्या, पुरुष मी एकटा. एक म्हातारी मला म्हणाली, "बायकोला घेऊन आलास का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो, त्याची आजही लाज वाटते.

आत गेल्यावर सुईचा चटका बसला, मुंगी चावल्यापेक्षा थोडा जास्त. मग त्वचा बधिर झाली. एकच बारीक भोक पाडतात, टाका घालत नाहीत. नळी बाहेर ओढताना पोटात खाली कळ येते, क्रिकेटचा चेंडू लागल्यावर येते तशी, पण हलकी. दोनदा आली, दोन्ही बाजूंची. वीस मिनिटांत बाहेर आलो. नर्स म्हणाली, खालून घट्ट आधार पाहिजे, काही आणलंय का? मी पिशवीतून माझा तालमीतला लाल लंगोट काढला. ट्रंकेत वीस वर्षं पडून होता. ज्या लंगोटात एक थेंब राखायची शपथ घेतली होती, तोच पंधरा दिवस बांधून फिरलो.

दोन दिवस पूर्ण आराम केला. तिसऱ्या दिवशी दुकानावर बसलो. निळंजांभळं पडलं होतं, आठवडाभर ठणकत होतं, एका बाजूला हरभऱ्याएवढी गाठ लागत होती, ती दोन महिन्यांत गेली. तुला बाईकवर लांब जायचं आहे, तर आठ दिवसांची रजा टाक. वजन उचलू नकोस. ताप आला किंवा पिशवी फुगत गेली तर लगेच दाखव. शंभरात एक-दोन पुरुषांना दुखणं पुढे बरेच महिने राहतं, हेही डॉक्टरांना विचारून घे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन महिने निरोध सोडायचा नाही. नळीच्या पुढच्या भागात आधीचे जंतू शिल्लक असतात. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं, शून्य आलं की मग मोकळं. बरेच जण हे तपासायला जातच नाहीत, मग दिवस गेले की बोंब होते.

आता चुकीचं सांगतो. करून घेतल्यावर तीन वर्षं उत्तम गेली. बायकोची भीती गेली, आमचं पूर्वीपेक्षा बरं चाललं होतं. मग हळूहळू मला अडचण यायला लागली. उभारी यायची नाही, आली तर टिकायची नाही. पहिला विचार काय आला असेल? नसबंदी. आई बरोबर म्हणत होती. आईला मी सांगितलंच नव्हतं, पण तिचा आवाज माझ्याच डोक्यात होता. बायकोला काही बोललो नाही. रात्री उशिरा दुकान बंद करायचो, म्हणजे घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असेल. तिला वाटलं माझं दुसरीकडे कुठे आहे. एकदा तिने माझा फोन तपासला. मी ओरडलो, ती माहेरी गेली. एवढं झालं, तरी तोंडातून खरं निघालं नाही.

भिंतींवर रंगवलेल्या पाट्या तू पाहिल्याच असशील. त्यातल्या एकाकडे गेलो. त्याने नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, लहानपणीच्या चुका बोलतायत. चौदा हजारांची पुडी आणि तेल दिलं. असल्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे हे मला फार नंतर कळलं. मग डॉक्टरला न विचारता मेडिकलवाल्याकडून उभारीची गोळी घेतली, त्याने कागदात गुंडाळून काउंटरखालून दिली. हृदयाची जिभेखालची गोळी घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम खाली येऊन जीव जाऊ शकतो. दोघांपैकी कुणी मला एका शब्दाने विचारलं नाही.

असे चौदा महिने गेले. मग पुढच्या कातडीला खाज सुटायला लागली, बारीक चिरा पडायच्या, पांढरं साठायचं. मला वाटलं हा गुप्तरोगच. कुठून लागला, याचा विचार करून वेड लागायची वेळ आली. शेवटी दुसऱ्या टोकाच्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरकडे तोंडाला रुमाल बांधून गेलो. त्यांनी अर्धा मिनिट बघितलं आणि विचारलं, "साखर कधी तपासली होती?"

तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, एचबीएवनसी, १०.९ निघाली. नसबंदीच्या वेळी लघवीत साखर नव्हती, ती मधल्या वर्षांत वाढली. साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडवते. खालच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी आखडतात. डॉक्टर म्हणाले, ही अडचण म्हणजे शरीराने आधी वाजवलेली घंटा असते, काही जणांना दोन-चार वर्षांनी हृदयाचा त्रास होतो. माझा ईसीजी त्याच दिवशी काढला. तो ठीक होता. पण तळपाय तोपर्यंत बधिर झाले होते. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. ते परत आलेलं नाही आणि येणारही नाही असं डॉक्टर म्हणतात.

नसबंदीने माझं काही गेलं नाही. गेलं ते त्या चौदा महिन्यांत. मला अडचण आहे, हे एक वाक्य तोंडातून काढलं असतं तर पाय वाचले असते. साखर आता सातच्या आसपास आहे. ती अडचण बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच होतं?" आणि किती तरी वेळ रडत होती.

तू करून घे. पण बायकोला आज हेही सांग की पुढे कधीही काही वाटलं तर पहिल्यांदा तुलाच सांगेन.

लोकमान्यनगरचा

दादा, काय बोलू कळत नाही. तीनदा वाचलं. माझ्या वडिलांना साखर आहे, काकांनाही. मी कधी तपासलेली नाही. उद्याच करून घेतो.

देवासची_माहेरवाशीण

बाळा, मी ५८ वर्षांची. माहेर देवास, सासर इंदूर. माझं १९९३ साली झालं, दुसरी मुलगी सहा महिन्यांची होती. शाळेच्या इमारतीत शिबिर होतं. सकाळपासून उपाशी बसवलं, दुपारी पाळी आली. झाल्यावर आम्हाला व्हरांड्यात ताडपत्रीवर ओळीने झोपवलं, माझ्या शेजारची बाई ओकत होती आणि तिची पोर तिच्या छातीला लावायला कुणी नव्हतं. संध्याकाळी टेम्पोत बसून घरी आले. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या केल्या. बेंबीजवळची जखम चिघळली, दीड महिना पू येत होता. माझी ताकद जाईल असं घरात एकालाही वाटलं नाही. कमावती नव्हते ना मी. चौदा माणसांचं करत होते, ते कमावणं कुठे धरतात?

तुझी बायको "राहू दे, मीच करून घेते" का म्हणते, ते मला वाटतं तुला सांगू. उद्या तुला साधा ताप आला, पाठ दुखली, कामावर बढती चुकली, तरी सासरचे म्हणणार हिने करायला लावलं. हे एक. आणि दुसरं ती तुझ्यापाशी बोलणारच नाही. नसबंदीनंतर चुकून दिवस राहिले, आणि राहू शकतात, तर लोक शस्त्रक्रियेवर शंका घेत नाहीत, बाईवर घेतात. माझ्या शेजारणीचं तसंच झालं. नवऱ्याने तीन महिन्यांची तपासणी केली नव्हती, दिवस राहिले, आणि दिराने भर अंगणात विचारलं की हे कुणाचं. ती बाई नंतर अंगणात कधी बसली नाही.

म्हणून तो शून्याचा रिपोर्ट आला की तिच्या हातात दे. तिच्या कपाटात राहू दे, तिच्या कागदांत. आणि घरच्यांसमोर तू बोल. "मी ठरवलं" असं म्हण. "आम्ही ठरवलं" म्हणालास तरी ते तिच्याच नावावर खपणार.

आकडे मला नातीने काढून दिले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या जवळजवळ ३८ लग्न झालेल्या बायकांची शस्त्रक्रिया झालेली होती. ज्यांच्या नवऱ्याची झालेली, अशा हजारात तीन. आणि ती शस्त्रक्रिया बाईची जास्त अवघड, पोट उघडून किंवा पोटात दुर्बीण घालून करायची. २०१४ च्या नोव्हेंबरात बिलासपूरजवळच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची केली, त्यातल्या आणि आसपासच्या शिबिरांतल्या मिळून दहाच्या वर मेल्या. बातमी आली त्या दिवशी मी माझ्या बेंबीजवळच्या खुणेवर हात ठेवून बसले होते. रघुनाथराव कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ ला. शंभर वर्षं होऊन गेली रे, आणि अजून पुरुषाचं नाव काढलं की घरात रडारड.

निवृत्त_आरोग्यसेवक

मी चौतीस वर्षं मध्य प्रदेशात पुरुष आरोग्य कार्यकर्ता होतो. गावोगाव फिरलो. एक मुद्दा इथे कुणी काढला नाही, तो मांडतो.

पुरुष पहिल्यापासून घाबरत होते असं नाही. साठ-सत्तरच्या दशकात देशात पुरुषांच्याच शस्त्रक्रिया जास्त व्हायच्या. १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात साठ हजारांच्या वर पुरुष आले होते. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. मास्तर, तलाठी, शिपाई, सगळ्यांना कोटा. कोटा पुरा नाही तर पगार नाही. माणसं शेतात लपायची. त्यानंतर सरकारं पुरुषाचं नाव काढायलाच भ्यायला लागली आणि सगळा भार बायकांवर आला. मी १९८४ ला नोकरीला लागलो तेव्हा गावात जीप शिरली की पुरुष मागच्या दाराने निघून जायचे. आठ वर्षं झाली तरी. मला बघून म्हातारे विचारायचे, "पकडायला आलास का?"

२०२० च्या फेब्रुवारीत आमच्याच राज्यात पुन्हा आदेश निघाला होता, कार्यकर्त्याने वर्षात एक तरी पुरुष आणावा, नाहीतर पगार कापू. ओरड झाली आणि तो मागे घेतला. मी तेव्हा निवृत्त होतो, पण वाचून हात कापले. जबरदस्तीने माणूस आणायचा आणि मग तो मनाने का येत नाही म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हे मला कधी पटलं नाही.

तर तुमच्या मातोश्रींना एकदा शांतपणे विचारा, त्यांना ही भीती कुठून आली. त्यांच्या वयाच्या माणसाला तिचं कारण बहुधा आठवत असतं. त्यांना अडाणी समजू नका.

कामाचं सांगतो. सरकारी नियमाप्रमाणे पुरुषाचं वय साठच्या आत आणि किमान एक मूल वर्षाच्या वरचं असावं लागतं. बायकोची सही लागत नाही, तरी तिला सोबत न्यावं. खर्च नाही, उलट भरपाई मिळते. दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, तेव्हा शिकलेले हात जास्त उपलब्ध असतात. बिनटाक्याचं करणारे सर्जन कोण, हे आधी विचारून घ्या, तो हातखंडा सगळ्यांकडे नसतो. आणि विजयनगरच्या भाऊंचं म्हणणं मनावर घ्या. कायमचं आहे, एक टक्का शंका असेल तर थांबा.

लोकमान्यनगरचा

पंधरा दिवसांनी येतोय, माफ करा. मध्ये नाइट शिफ्ट होती.

साखर केली. उपाशीपोटी ११२. डॉक्टर म्हणाले अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहेस. शेव बंद केली, जेवण झाल्यावर चालायला जातोय. दादा, तुमच्यामुळे कळलं.

बायकोशी बोललो. ताईंनी लिहिलं होतं अगदी तेच निघालं, दोन्ही गोष्टी. दुसरी तिने अंधारात सांगितली, दिवा लावू दिला नाही. शेजारणीचा किस्सा मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, रिपोर्टची झेरॉक्सही हवी.

आणि आईला विचारलं. रविवारी ती गहू निवडत बसली होती, मी शेजारी बसून सुपातले खडे काढायला लागलो. विचारलं, आई, तू कुणाला बघितलंस का असं झालेलं? किती तरी वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, माझ्या अण्णांना.

आजोबा धारकडे एका कचेरीत शिपाई होते, हे मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं. १९७६ च्या पावसाळ्यात त्यांचा दोन महिन्यांचा पगार अडवला होता. कागद आणा, मग पगार. आई तेव्हा चौदा वर्षांची. अण्णा एका संध्याकाळी घोंगडी पांघरून पाय फाकून चालत घरी आले. आठ दिवसांत सूज आली, ताप डोक्यात गेला, सव्वा महिना अंथरुणावर होते. आईची आई पडद्यामागे त्यांची पट्टी बदलायची आणि आई गरम पाणी आणून दारात ठेवायची. अण्णा बरे झाले, पण पुन्हा बैलगाडी जुंपली नाही त्यांनी. कचेरीतून आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. शेजारपाजारच्यांत त्यांना एक नाव पडलं होतं, ते आईने मला सांगितलं नाही.

हे तिने एकोणपन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. वडीलही ऐकत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला.

मी तिला म्हणालो, मला कुणी पकडून नेत नाहीये, मी माझ्या मनाने जातोय आणि सुई उकळलेली आहे का ते स्वतः विचारणार आहे. आई म्हणाली, "तरी मी येणार." नको म्हणालो, ऐकत नाही. डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने विचारायचं आहे म्हणे, जखम कशी धुतात.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. आठ दिवसांची रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण लिहायची जागा असते, तिथे मी नसबंदी असंच लिहिलं. सुपरवायझरने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकटा गाठून हळूच विचारलं, "सुन, दुखता है क्या?" मी दादांचं उत्तर त्यांना हिंदीत समजावलं.